खुल्या ज्ञानकोशाची राखण

ज्ञानकोश म्हटला की मराठी वाचकापुढे भारदस्त खंडांची एक रांग उभी राहते. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२० नंतरच्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे कार्य उभे राहिले. दोहोंची रीत मुळात एकच होती. लेखक निवडलेला, संपादक नेमलेला, मजकूर तपासलेला. आणि एकदा छपाई झाली की वाचकाला त्यातील स्वल्पविरामदेखील हलविता येत नसे. चूक आढळलीच तर संपादकांस पत्र लिहावे आणि पुढील आवृत्तीची वाट पाहावी, एवढाच मार्ग त्याला मोकळा असे. लिहिणारा आणि वाचणारा यांच्यामध्ये एक उंबरठा होता, व तो कोणी ओलांडावयाचा हे आधीच ठरलेले होते.

हा उंबरठा काढून टाकला तर काय होईल, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे ‘विकी’ या नावाने ओळखली जाणारी संकेतस्थळे. विकीच्या पानावर वाचकाला ‘संपादन’ असा शब्द दिसतो. त्यावर कळ दाबली की समोरचा मजकूर खुला होतो, आणि वाचणारा त्याच क्षणी लिहिणारा होतो. परंतु ज्या घराला उंबरठा नाही, तेथे पाहुण्याबरोबर चोरही येणार. म्हणून अशा पानांवर लिहिण्याचा अधिकार कोणाला, किती आणि केव्हा द्यावयाचा, हा प्रश्न विकीच्या जन्मापासून तिच्या पाठीशी लागलेला आहे. गेल्या पाव शतकात त्याची जी उत्तरे शोधली गेली, ती केवळ संगणकाच्या जाणकारांनीच समजून घ्यावीत अशी नाहीत. समाईक वस्तूची राखण कशी करावी, हा गावकीइतका जुना प्रश्न त्यांत नव्या रूपाने उभा राहिला आहे.

शंकेपासून प्रयोगाकडे

पहिली विकी अमेरिकेतील वॉर्ड कनिंगहॅम या संगणक-तज्ज्ञाने २५ मार्च १९९५ रोजी सुरू केली. आज्ञावली लिहिणाऱ्या मंडळींनी आपापले अनुभव एके ठिकाणी नोंदवावेत, एवढाच तिचा हेतू होता. होनोलुलूच्या विमानतळावर प्रवाशांची ने-आण करणाऱ्या गाडीला ‘विकी विकी’ असे नाव होते. हवाई बेटांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘लवकर लवकर’. पाने झटपट लिहिता व सुधारता यावीत म्हणून कनिंगहॅम यांनी हेच नाव उचलले.

ज्ञानकोशाच्या क्षेत्रात ही कल्पना आली, ती मात्र जवळजवळ नाइलाजाने. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी २००० साली ‘न्यूपीडिया’ नावाचा एक कोश आरंभिला होता. त्यात प्रत्येक लेख तज्ज्ञाने लिहावा आणि सात पायऱ्यांच्या तपासणीतून तो पार पडावा, असा कडक दंडक होता. दंडक उत्तम होता. लेख मात्र निघेनात. वर्षभरात जेमतेम वीस-पंचवीस लेख हातावेगळे झाले. तेव्हा कच्चे लेख गोळा करण्याची एक बाजूची सोय म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी ‘विकिपीडिया’ उघडण्यात आला, आणि तेथे कोणीही लिहावे असे जाहीर झाले. त्या एका वर्षाच्या अखेरीस तेथे सुमारे वीस हजार लेख जमले. ओसरी म्हणून बांधलेली जागा मूळ वाड्याहून मोठी झाली; वाडा लवकरच ओस पडला.

कोणीही लिहावे आणि तरीही मजकूर टिकावा, हे शक्य कसे झाले? त्याचे रहस्य विकीच्या रचनेत आहे. विकीच्या पानावर झालेला कोणताही बदल जुन्या मजकुरास पुसून टाकीत नाही. प्रत्येक पानामागे एक ‘इतिहास’ असतो. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणी, कोणता शब्द बदलला, याची नोंद त्यात राहते आणि आधीची प्रत्येक आवृत्ती जशीच्या तशी जपली जाते. एखाद्याने पानभर शिव्या लिहिल्या तर जाणकार सदस्य इतिहासात जाऊन मागची आवृत्ती एका कळीने परत आणतो. मराठी विकिपीडियावर अशा खोडसाळपणाला ‘उत्पात’ आणि त्याच्या निवारणाला ‘उलटविणे’ म्हणतात. बिघडविण्यास जेवढे श्रम लागतात त्याहून दुरुस्त करण्यास कमी लागतात, या एका व्यावहारिक सत्यावर हा सारा डोलारा उभा आहे. भिंतीवर कोळशाने रेघोट्या मारणाऱ्याला पाच मिनिटे लागावीत आणि भिंत पुन्हा पांढरी होण्यास पाच क्षण पुरावेत, असे असेल तर रेघोट्या मारण्याचा उत्साह फार काळ टिकत नाही.

या व्यवस्थेला मराठी कार्यकर्त्यांनी दिलेली नावेही लक्षात ठेवण्याजोगी आहेत. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. तेथे सर्वांनी मिळून विचारविनिमय करण्याच्या जागेला ‘चावडी’ म्हणतात, नवख्याने हात बसविण्याच्या पानाला ‘धूळपाटी’ म्हणतात, ठराविक कामे न थकता करणाऱ्या यांत्रिक आज्ञावलीला ‘सांगकाम्या’ म्हणतात, आणि ज्यांच्या हाती पानांच्या कुलपांच्या किल्ल्या असतात त्या सदस्यांना ‘प्रचालक’ अशी संज्ञा आहे. ही नावे ज्यांनी योजिली त्यांना हे केवळ यंत्र वाटत नव्हते. ते त्यांना एक गाव वाटत होते.

दोन धक्के

केवळ इतिहासाची वही ठेवल्याने मात्र भागत नाही, हे २००५ साली दोन प्रसंगांनी दाखवून दिले. त्या वर्षीच्या जून महिन्यात ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ या वृत्तपत्राने इराक युद्धावरील आपला एक अग्रलेख वाचकांनी सुधारावा म्हणून विकीच्या स्वरूपात खुला केला. दोन-तीन दिवसांतच त्यावर अश्लील चित्रांचा भडिमार झाला आणि तो प्रयोग गुंडाळावा लागला. साधन तेच होते. उणीव होती ती राखणदारांची. विकिपीडियाच्या पानांवर डोळ्यांत तेल घालून बसणारे शेकडो सदस्य होते. वृत्तपत्राने दार उघडले, पण ओसरीवर कोणी बसविलेच नव्हते.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर होता. जॉन सिगेनथेलर हे अमेरिकेतील एक ज्येष्ठ पत्रकार. रॉबर्ट केनेडी यांचे ते एके काळचे सहायक. २६ मे २००५ रोजी कोणा अनोळखी व्यक्तीने त्यांच्या नावाचे पान इंग्रजी विकिपीडियावर तयार केले आणि केनेडी बंधूंच्या हत्येशी त्यांचा संबंध असल्याचा संशय होता, असे धादांत खोटे विधान त्यात घातले. चार महिन्यांहून अधिक काळ ते विधान तसेच राहिले. सिगेनथेलर यांनी २९ नोव्हेंबर रोजी वृत्तपत्रात लेख लिहून आपली व्यथा मांडली, तेव्हा सगळीकडे खळबळ उडाली. अग्रलेखावरचा चिखल सर्वांना दिसत होता. हे असत्य मात्र नीटनेटक्या वाक्यात, शांत स्वरात लिहिलेले होते, आणि त्या पानावरून कोणा जाणत्याची नजर गेलीच नव्हती. जिवंत माणसाची अब्रू जेथे पणाला लागते, तेथे ‘कोणीतरी केव्हातरी दुरुस्त करील’ हे उत्तर पुरेसे नाही, हे यातून सिद्ध झाले.

त्याच डिसेंबरात इंग्रजी विकिपीडियाने दोन निर्णय घेतले. खाते न उघडता नवे पान सुरू करण्याची मुभा काढून घेतली, आणि पूर्ण उघडे व पूर्ण बंद या दोन टोकांच्या मध्ये ‘अर्धसुरक्षित’ अशी नवी पायरी आणली.

कुलपांचे प्रकार

या पायऱ्या नीट समजून घेतल्या म्हणजे विकीच्या राखणीचे तत्त्व कळते. बहुसंख्य पानांना कसलेच कुलूप नसते. अर्धसुरक्षित पानावर मात्र अनोळखी पाहुण्याला किंवा आजच खाते उघडलेल्याला लिहिता येत नाही. इंग्रजी विकिपीडियावर त्यासाठी खाते चार दिवसांचे जुने व त्यावर किमान दहा संपादने झालेली असावी लागतात. ही अट पाहून हसू येईल. चार दिवस आणि दहा संपादने म्हणजे काय मोठी पात्रता? परंतु तिचा हेतू पात्रता पाहण्याचा नाहीच. रागाच्या भरात किंवा गमतीखातर आलेला मनुष्य चार दिवस थांबत नाही, एवढाच मनुष्यस्वभावाचा ठोकताळा तिच्यामागे आहे. ३१ जुलै २००६ रोजी अमेरिकन दूरचित्रवाणीवरील विनोदकार स्टीफन कोलबेर यांनी प्रेक्षकांना सुचविले की, आफ्रिकेतील हत्तींची संख्या सहा महिन्यांत तिप्पट झाल्याचे विकिपीडियावर लिहून टाकावे. क्षणार्धात हत्तींच्या पानावर झुंबड उडाली. पान अर्धसुरक्षित करताच ती ओसरली. हत्ती होते तेवढेच राहिले.

त्याहून वरची पायरी वादग्रस्त विषयांसाठी आहे. तेथे तीस दिवसांचे खाते आणि पाचशे संपादने लागतात. एखाद्या वादासाठीच नवी नवी खाती काढून झुंडीने येणाऱ्यांस ती अडविते. सर्वांत वरची पायरी पूर्ण कुलपाची. तेथे केवळ प्रचालकच मजकूर बदलू शकतात. इंग्रजी विकिपीडियाचे मुखपृष्ठ असे कायम कुलूपबंद असते. ज्या ‘साच्यां’चा उपयोग लक्षावधी पानांवर एकाच वेळी होतो, त्यांनाही कडक संरक्षण असते, कारण तेथील एक चुकीचे अक्षर लक्षावधी ठिकाणी उमटावयाचे. पानाचे नाव बदलण्यापुरते वेगळे कुलूप असते. वारंवार काढून टाकलेले पान त्याच नावाने पुन्हा उघडता येऊ नये, म्हणून त्या नावालाच बंदी घालण्याचीही सोय असते.

याशिवाय एक निराळी पद्धत आहे, ती छापखान्यातील मुद्रितशोधनाच्या जवळची. जर्मन विकिपीडियाने मे २००८ पासून असे ठरविले की, नवख्याने केलेला बदल नोंदविला जाईल, परंतु अनुभवी सदस्याने नजर टाकल्याखेरीज तो सर्वसाधारण वाचकाला दिसणार नाही. लिहिण्यास मज्जाव नाही. प्रसिद्धीस थोडा विलंब आहे. इंग्रजी विकिपीडियाने २०१० साली हा प्रयोग करून पाहिला आणि २०१२ च्या अखेरीस काही निवडक पानांपुरता तो स्वीकारला. यात गैरसोय एकच. तपासणारे थोडे पडले तर न तपासलेल्या बदलांचा ढीग साचतो आणि लिहिणाऱ्याचा उत्साह मावळतो. न्यूपीडिया ज्या दुखण्याने गेला, तेच दुखणे येथे दुसऱ्या दाराने शिरू शकते.

या सर्व कुलपांविषयी दोन गोष्टी विसरता कामा नयेत. पहिली ही की, लिहिण्यास बंद असलेले पान वाचण्यास मात्र खुलेच असते, आणि त्याचा इतिहासही. दुसरी ही की, कुलूप कोणी लावले, केव्हा लावले, कोणत्या कारणाने व किती मुदतीसाठी, याचीही जाहीर नोंद होते. ज्याच्या हाती किल्ली आहे त्याच्यावरही लोकांची नजर राहते.

कुलूप न्याय देत नाही

खोडसाळांना आवरणे त्या मानाने सोपे. खरी कसोटी लागते ती दोन्ही बाजू प्रामाणिक असतात तेव्हा. एक सदस्य एक नाव लिहितो, दुसरा ते खोडून दुसरे लिहितो, पहिला पुन्हा पहिले आणतो. दिवसातून अनेकदा पान असे उलटेपालटे होऊ लागते. याला विकीच्या परिभाषेत ‘संपादन-युद्ध’ म्हणतात. पोलंडमधील ग्दान्स्क शहराचे जर्मन नाव डान्झिग. कोणत्या काळासाठी कोणते नाव वापरावे यावरून इंग्रजी विकिपीडियावर दीर्घकाळ असा संग्राम चालला. अखेर २००५ साली सदस्यांचे मत घेण्यात आले आणि १३०८ ते १९४५ या काळाच्या संदर्भात डान्झिग व अन्यत्र ग्दान्स्क असा तोडगा निघाला. नावाचा हा वाद किती हळवा असतो, हे सीमाभागातील मराठी वाचकाला सांगावयास नको. मराठी माणसाच्या बोलण्यात ‘बेळगाव’ आहे. कर्नाटक सरकारने नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव ‘बेळगावी’ केले. ज्ञानकोशाच्या पानावर कोणते नाव प्रथम यावे, या प्रश्नात केवळ एक अक्षर नाही; त्यामागे दोन भाषांच्या माणसांची आयुष्ये आहेत.

अशा वेळी प्रचालक पानाला कुलूप लावतो. ते लावताना पानाची जी आवृत्ती समोर असेल, ती गोठते. साहजिकच एका पक्षाला ती बरोबर वाटते आणि दुसऱ्याला अन्यायाची. म्हणून विकिपीडियावर एक जुना विनोद प्रचलित आहे, की कुलूप नेहमी चुकीच्याच आवृत्तीला लागते! विनोदामागील मर्म मात्र महत्त्वाचे आहे. कुलूप लावणारा ‘हे खरे’ असे म्हणत नसतो. तो ‘आता थोडे थांबा’ एवढेच म्हणत असतो. भांडण मिटविण्याची जागा पानाच्या पाठीमागे असलेली ‘चर्चा’ आहे. तेथे आधार मांडावेत, विश्वसनीय ग्रंथ दाखवावेत, आणि मेळ बसला म्हणजे कुलूप काढावे, असा संकेत आहे. बंद पानातील चूक ज्याच्या ध्यानी येईल त्याने चर्चापानावर दुरुस्तीची विनंती करावी, हा मार्गही मोकळा असतो.

यासाठी दोन बंधने पाळली जातात. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत एकाच पानावर तीनहून अधिक वेळा दुसऱ्याचे लेखन उलटविणाऱ्यावर, त्याची बाजू खरी असली तरीही, कारवाई होऊ शकते. आणि जो प्रचालक स्वतः वादात उतरलेला आहे, त्याने त्या पानाला कुलूप लावू नये. पंचाने फलंदाजी करू नये, हा नियम मैदानावर जितका आवश्यक, तितकाच येथे.

याच ठिकाणी बाहेरचे जग आणि विकीचे अंतर्गत नियम यांची टक्करही होते. ‘एएनआय’ या वृत्तसंस्थेने जुलै २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात विकिमीडिया फौंडेशनविरुद्ध जो दावा लावला, त्यात आपल्याविषयीचे पान बदनामीकारक आहे आणि त्याला कुलूप लावून आपल्याला दुरुस्ती करू दिली जात नाही, अशी तक्रार होती. या दाव्याविषयीचे विकिपीडियावरील पान काढून टाकण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२५ रोजी रद्द केला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजी महाराजांवरील इंग्रजी लेखातील मजकुराविषयी तक्रारी आल्यावर महाराष्ट्र सायबर पोलिसांनी फौंडेशनला नोटीस दिली आणि काही संपादकांवर गुन्हा नोंदविला. ज्याच्याविषयी लिहिले आहे त्याला आपली अब्रू सांभाळण्याचा हक्क आहे. पण स्वतःचे पान स्वतःच लिहिण्याचा हक्क कोणाला असावा काय? आणि विनामोबदला लिहिणाऱ्या सदस्याच्या शिरावर किती जोखीम असावी? हे प्रश्न कुलपाने सुटणारे नाहीत. ते समाजाच्या आणि न्यायसंस्थेच्या विवेकाचे आहेत.

दार किती लावावे

इतके धोके असताना सगळ्याच पानांना कुलूप का लावू नये, असे कोणी विचारील. याचे उत्तर हिशेबाचे आहे. कुलूप चोराला अडविते, तसेच वाटसरूलाही. वाचता वाचता एखाद्या शिक्षकाला तारखेतील चूक दिसते, एखाद्या वृद्ध गृहस्थाला आपल्या गावच्या देवळाची चुकलेली दिशा दिसते. दार उघडे असेल तर तो ती जाता जाता सुधारतो, बंद असेल तर पुढे निघून जातो. झालेला उत्पात इतिहासात दिसतो. न झालेली दुरुस्ती कोठेच नोंदली जात नाही. म्हणून कुलपाचा लाभ लगेच डोळ्यांत भरतो आणि त्याची किंमत दृष्टीआड राहते. पाचशे संपादने करणारा प्रत्येक सदस्य एके दिवशी पहिलेच संपादन करीत होता, हेही विसरून चालणार नाही.

निरनिराळ्या भाषांनी या हिशेबाची निरनिराळी उत्तरे काढली आहेत. पोर्तुगीज विकिपीडियाच्या सदस्यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये असे ठरविले की, लेखांत बदल करण्यासाठी खाते उघडलेच पाहिजे. इतर बहुतेक भाषांनी तसे केले नाही. पूर्वी खात्यावाचून लिहिणाऱ्याचा संगणकीय ‘अंकपत्ता’ जगजाहीर होत असे. २०२४ पासून टप्प्याटप्प्याने त्याऐवजी तात्पुरत्या खात्याची पद्धत आली, आणि निनावी पाहुण्याची खासगी बाब झाकली गेली.

लहान गावाची चिंता

आतापर्यंतची उदाहरणे बहुतांशी मोठ्या भाषांची झाली. लहान किंवा मध्यम विकिपीडियांचे दुखणे वेगळे असते. तेथे दाराशी गर्दी नसते. आत माणसे थोडी असतात. क्रोएशियन भाषेच्या विकिपीडियावर मोजक्या प्रचालकांच्या एका गटाने सुमारे दशकभर वर्चस्व गाजविले. विरोधी मताचे सदस्य बाहेर घालविले गेले आणि इतिहासाची मांडणी एकांगी झाली. २०१३ साली तर तेथील शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना तो कोश वापरू नका असा सल्ला दिला. पुढे त्या गटाची पकड सैल झाली आणि २०२१ साली विकिमीडिया फौंडेशनने या सर्व प्रकाराविषयी अहवाल प्रसिद्ध केला. येथे कुलपे होती, किल्ल्याही होत्या. पण राखणदारच मालक झाले होते.

स्कॉट्स भाषेचे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. त्या विकिपीडियावरील हजारो लेख अमेरिकेतील एका तरुणाने, ती भाषा येत नसताना, शब्दकोश समोर ठेवून रचले होते. ही गोष्ट २०२० साली उघडकीस आली. त्याचा हेतू वाईट नव्हता. परंतु इतकी वर्षे कोणी जाणत्याने ती पाने वाचून ‘ही आमची भाषा नाही’ असे वेळीच आणि ठामपणे म्हटले नाही. तो नियमाने आलेला जुना सदस्य होता, प्रचालकही होता; चार दिवसांची अट काय किंवा पाचशे संपादनांची काय, त्याला अडविणारी नव्हती. कुलूप मनुष्याचे वय आणि संपादनांची संख्या मोजते. ज्ञान मोजीत नाही.

मराठी विकिपीडियावर आज सुमारे एक लाख लेख आहेत. प्रचालक मात्र हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच. एवढ्या पानांवर एवढ्यांनीच नजर ठेवावी, ही अपेक्षा रास्त नाही. आणि या कोशाला ज्या माहितीची सर्वाधिक वाण आहे, ती मुंबई-पुण्याच्या बाहेर पसरलेली आहे. गोव्यातील जुन्या मराठी नाट्यमंडळ्या, बेळगावची वाचनालये, इंदूर-ग्वाल्हेरची मराठी घराणी, बडोद्याची ग्रंथालय चळवळ, हैदराबादच्या मराठी शाळा, यांविषयी अधिकाराने लिहू शकणारी माणसे त्या त्या गावीच आहेत. अशा गावातील कोणी जाणता पहिल्यांदाच संपादनाची कळ दाबील, आणि त्याचे लिहिणे कसलेही कारण न सांगता उलटविले जाईल, तर तो दुसऱ्यांदा येणार नाही. त्याच्याबरोबर ती माहितीही कायमची जाईल, कारण ती अन्यत्र लिहिलेली नसते. उलट त्याच गावाविषयी कोणी दंतकथाच इतिहास म्हणून लिहिली, आणि ती वाचून आक्षेप घेणारे कोणी नसले, तर कालांतराने तीच खरी ठरेल. यांपैकी कोणताही धोका केवळ कुलपाने टळत नाही. त्याला जाणत्या वाचकांची वहिवाट लागते.

संस्थांसाठी काही धडे

अलीकडे शाळा, ग्रंथालये, स्थानिक इतिहास मंडळे यांनाही स्वतःची लहानशी विकी उभारता येते. विकिपीडिया ज्या ‘मीडियाविकी’ या आज्ञावलीवर चालतो, ती विनामूल्य उपलब्ध आहे. तिच्यात अधिकार व्यक्तीला एकेक करून न देता गटांना दिले जातात. निनावी पाहुणे हा एक गट, खातेधारक हा दुसरा, मुरलेले सदस्य हा तिसरा आणि प्रचालक हा चौथा. वाचणे, लिहिणे, नवे पान उघडणे, नाव बदलणे, कुलूप लावणे हे निरनिराळे अधिकार कोणत्या गटास असावेत, हे मांडणीच्या धारिकेत एकेका ओळीने ठरविता येते. मुळात ही आज्ञावली अनोळखी माणसालाही लिहू देते. म्हणून संस्थेने विकी सुरू करण्यापूर्वीच हा निर्णय घेतलेला बरा.

एक सावधगिरीची सूचना येथे आवश्यक आहे. लिहिण्यावर बंधन घालण्यास ही व्यवस्था भरवशाची आहे. काही पाने काही लोकांनी वाचूच नयेत, अशा कामासाठी मात्र ती बनविलेली नाही. सभासदांचे पत्ते किंवा हिशेबाची गुप्त कागदपत्रे ‘पानाला कुलूप आहे’ या भरवशावर तेथे ठेवणे धोक्याचे ठरेल.

बाकीचे शहाणपण अनुभवाने शिकविले आहे, आणि ते थोडक्यात सांगता येते. कुलूप लावावे ते गरजेपुरते लहान आणि मुदतीचे असावे. ते लावण्याचे कारण जाहीर लिहावे. एका नव्हे, दोन-तीन विश्वासू माणसांकडे किल्ल्या असाव्यात आणि त्यांनी एकमेकांचे काम पाहावे. नवख्याचे लिहिणे उलटविताना त्याला दोन शब्दांत कारण सांगावे आणि धूळपाटीची वाट दाखवावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बदललेली पाने रोज वाचणारा कोणीतरी असावा. हे काम नसेल, तर भक्कम कुलपाचाही उपयोग नाही. हे काम असेल, तर बहुतेक पानांना कुलपाची गरजच पडत नाही.

केतकरांच्या काळी ज्ञानकोशाचा वाचक हा वर्गणीदार होता. खंड घरी येई आणि त्याचे कर्तव्य संपे. खुल्या ज्ञानकोशाने त्या वाचकाकडे लेखणीबरोबर राखणीचीही अर्धी जबाबदारी सोपविली आहे. चार दिवस, दहा संपादने, तीस दिवस, पाचशे संपादने हे सारे आकडे म्हणजे उत्पाती माणसाचा वेळ मोडण्याची आणि शहाण्या माणसाला वेळ मिळवून देण्याची युक्ती आहे. मिळालेल्या त्या वेळात कोणी आधारग्रंथ उघडला, चर्चेत दोन शब्द लिहिले आणि चूक सुधारली, तर कुलूप सार्थकी लागले. कोणीच आले नाही, तर बंद पानात चूकही तितकीच सुरक्षित राहते.